इरजणाची आंघोळ

सलग चौथा ड्रम बसला तेव्हा नवसाकाकूंनी पंपाकडं बघितलं नाही, पाण्याकडं बघितलं नाही, गुळाच्या ढेपेकडं तर नाहीच नाही. त्यांनी सरळ हर्षालीकडं बघितलं.

हर्षाली कोपऱ्यात स्टुलावर बसून लेबलांवर तारखा टाकत होती. शाळा सुटली की दप्तरासकट शेडवर यायचं आणि लेबलं लिहायची, हे तिचं दोन वर्षांपासूनचं काम. अक्षर असं टपोरं, की झुंबरआप्पांसारखे सत्तरीचे बागायतदारसुद्धा चष्मा न लावता वाचायचे.

"अशा काय बघताय काकू?"

"काय नाय. पयला ड्रम बसला त्या दिवशी तू इथंच व्हतीस ना?"

आता ड्रम बसतो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. सायखेड्यात नऊ बायकांचा एक बचत गट आहे आणि नवसाकाकू त्याच्या अध्यक्ष. द्राक्षाच्या पानांवर पांढरी भुरी पडते ना, तिला रोखणारा बॅसिलस नावाचा एक जिवाणू आहे. गटाच्या बायका तो निळ्या ड्रममध्ये वाढवतात आणि कॅन भरून बागायतदारांना देतात. दोनशे लिटर पाणी, गूळ, बेसन आणि तांब्याभर जुनं इरजण. दह्याला जसं विरजण, तसंच. तीन दिवस खालून पंपानं बुडबुडे सोडायचे, चौथा दिवस ड्रमला निवांत ठेवायचं, पाचव्या सकाळी झाकण उघडलं की वर जाड, सुरकुतलेली साय. साय धरली की ड्रम जमला. पण नुसताच फेस आला, गेला आणि खाली पातळ पाणी राहिलं, तर ड्रम बसला.

चार वर्षांत एकही ड्रम बसला नव्हता. ऐन छाटणीनंतर, सगळ्या बागा पालवत असताना, ओळीनं चार बसले.

मागणी एवढी, की पातळ ड्रममधलेही काही कॅन भरून दिले होते, आणि झुंबरआप्पा आदल्याच दिवशी आपला परत घेऊन आले होते. शेडच्या दारात तो आपटून म्हणाले होते, "बायांनो, पाणी दिलंय का काय मला? भुरी जाईना, उलट वाढली. काय शिवाशिव तर नाय ना झाली तुमच्यात?"

बोलून आप्पा मोटारसायकलवर बसून गेले, पण तो शब्द शेडमध्येच राहिला. आणि बायकांना बरोबर आठवलं, की पहिला ड्रम बसला त्याच्या दोन दिवस आधी हर्षाली ढवळायची काठी खाली ठेवून भर शेडमध्ये म्हणाली होती, "पाळी आलीय माझी, पोट दुखतंय. आज ढवळत नाही, लेबलं लिहिते."

मनात काही नव्हतं तिच्या. शाळेत आरोग्यसेविका सांगून गेल्या होत्या, पोरींनो लाजायचं नाही. ही लाजली नव्हती, एवढंच.

"होते ना इथंच," हर्षाली म्हणाली. "मग?"

"मग काय मग? लोणच्याच्या बरणीला त्या दिवसांत हात लावतं का कोणी? हे बी तसंच. जिवंत हाय ते."

"पण दुसरा ड्रम बसला तेव्हा मी कबड्डीला मालेगावात होते. आणि तिसऱ्याला तर मी शिवलेच नाही."

"एकदा बाटलं की इरजण बाटलं," नवसाकाकू म्हणाल्या. "मग त्याच्यापासून जे जे व्हईल ते सगळं बाटकं. तू आता शेडमधी येऊ नको. साधना, ऐकतेस ना?"

साधना म्हणजे हर्षालीची मम्मी. ती गूळ फोडत होती. तिनं मान वर केली नाही. बत्ता मात्र असा हाणला, की गुळाचा खडा उडून पत्र्यावर टणकन वाजला.

नवसाकाकूंनी त्याच संध्याकाळी तेलरंगानं दारावर लिहून घेतलं: चार दिवस आत येऊ नये. हर्षालीला तर चार दिवस सोडून बाकीचे सव्वीसही बंदी होती. शिवाय ते अक्षर इतकं गिचमीड, की तिला अपमानापेक्षा अक्षराचाच राग जास्त आला. निदान माझ्याकडून तरी लिहून घ्यायचं!

घरी येऊन ती रडली. खोटं कशाला सांगायचं, उशी भिजेपर्यंत रडली. आणि मग एकदम उठून बसली.

"मम्मी, काकू काय म्हणाल्या? एकदा इरजण बाटलं की पुढचं सगळं बाटलं. म्हणजे खोट इरजणात आहे, हे त्या स्वतःच म्हणतात!"

"तुझं नाव घेऊन म्हणतात."

"माझं नाव सोड. खोट इरजणात आहे. ती कोणी घातली, ते मी शोधून काढते."

मम्मीनं पदरानं तिचे डोळे पुसले. ती फार बोलणारी बाई नाहीच. पण दुसऱ्या दिवशी शेडवरून परतल्यावर तिनं जेवणाचा डबा ओट्यावर ठेवला. खालच्या पुडात ड्रममधलं पातळ पाणी, वरच्या पुडात इरजण.

"सांडू नको," एवढंच म्हणाली. "आणि डबा नवीन घ्यावा लागंल आता."

शनिवारी सकाळच्या एसटीनं हर्षाली नाशिकला गेली. तिथल्या एका कॉलेजात शुभांगी मॅडम सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. त्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक होत्या. हर्षालीला त्यांनी नंबर काही दिला नव्हता, पण जाताना म्हणाल्या होत्या, "प्रश्न चांगले विचारतेस. काही अडलं तर ये." मोठी माणसं असं म्हणतात तेव्हा खरंच कोणी यावं अशी त्यांची अपेक्षा नसते. हर्षाली गेली.

मॅडमनी डबा उघडून वास घेतला. "जेवणाच्या डब्यात?"

"डबा धुतला होता मॅडम. उकळत्या पाण्यानं."

"ते ठीक. इरजण तुम्ही कसं ठेवता?"

इथं हर्षालीची मान ताठ झाली. रागावली असली तरी शेड तिचीच होती. "तिसऱ्या दिवशी ड्रममधून तांब्याभर काढतो. मग दहा मिनिटं खळखळा उकळतो. नवसाकाकू त्याला आंघोळ म्हणतात. बाकी सगळे जंतू मरतात, आपला बॅसिलस तेवढा जगतो. मग बरणीत भरतो. चार वर्षं एकच इरजण चालू आहे!"

"हुशार आहेत तुमच्या काकू," मॅडम म्हणाल्या. हे काही हर्षालीला ऐकायचं नव्हतं. "बॅसिलस उपाशी पडला की आपला पसारा गुंडाळतो, भोवती जाड कवच करतो आणि झोपतो. तो बीजाणू. उकळलं तरी तो मरत नाही. गूळ मिळाला की जागा होतो."

मग मॅडमनी तीन काचेच्या बशा घेतल्या. प्रत्येकीत जिवाणूंच्या खाण्याचा थर होता, जेलीसारखा. पहिल्या दोन बशांवर त्यांनी आपल्याकडचा निरोगी बॅसिलस पसरला. ड्रमचं पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं, की जिवाणूसुद्धा पार होणार नाही, आणि त्या पाण्याचा एक थेंब पहिल्या बशीत सोडला. तेच गाळलेलं पाणी दहा मिनिटं उकळून त्याचा थेंब दुसऱ्या बशीत. तिसऱ्या बशीत नुसतं गटाचं इरजण पसरलं, आंघोळ घातलेलं, जसंच्या तसं.

"उद्या ये," मॅडम म्हणाल्या.

रविवारी हर्षाली पळतच जिना चढली. पहिल्या बशीत बॅसिलसची पांढरट साय पसरली होती आणि थेंब पडला होता तिथं मधोमध स्वच्छ गोल भोक! जणू कोणी नाणं ठेवून तेवढीच साय उचलून नेली.

"जिवाणूपेक्षाही बारीक असं काहीतरी त्याला खातंय," मॅडम म्हणाल्या. "व्हायरस. माणसांना होतो तसा नाही. हा फक्त जिवाणूंना होतो. याला फेज म्हणतात."

दुसऱ्या बशीत साय सलग होती, भोक नाही. "उकळल्यावर व्हायरस मेला," हर्षाली म्हणाली. आणि तिचा चेहरा पडला. "म्हणजे इरजणात तो नसणारच. इरजण तर उकळलेलं असतं."

मॅडमनी तिसरी बशी पुढं सरकवली. तिच्यात साय धरली होती, पण चाळणीसारखी. भोकंच भोकं.

हर्षाली बघतच राहिली. इरजण उकळलं होतं. व्हायरस उकळल्यावर मरतो. मग भोकं आली कुठून? बाहेरून काही आत गेलंच नाही. बशी झाकलेली होती.

झाकलेली. घट्ट झाकलेली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं मूग डब्यात भरतात ना, झाकण कितीही घट्ट लावा, दोन महिन्यांनी आत भुंगे. मम्मी म्हणते, ते बाहेरून येत नाहीत. शेतातच शेंगेवर अंडं घातलेलं असतं. अळी दाण्याच्या पोटात असते आणि आपण दाण्याबरोबर तिलाही डब्यात भरतो."

"मग?"

"मग बॅसिलस झोपायच्या आधीच हा व्हायरस त्याच्या आत शिरला असेल तर? याला आत घेऊनच तो कवच करणार. आम्ही उकळतो, तर कवच दोघांनाही वाचवणार!"

शुभांगी मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. "फेजच्या नाना तऱ्हा आहेत. काही जिवाणूला झोपूच देत नाहीत. काही त्याला लवकर झोपवतात. आणि काही असे, त्याच्याच पांघरुणात शिरून झोपणारे. तो जागा झाला की हेही जागे होतात, आत वाढतात आणि त्यालाच फोडून बाहेर येतात. हे काही मी तुला सांगितलं नव्हतं, हर्षाली. तू सांगितलंस."

एसटीत परतताना हर्षालीला वाटलं, ड्रायव्हरसकट सगळ्यांना उठवून सांगावं. शेवटी तिनं शेजारच्या आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, "मुगात करंजाचा पाला घाल."

गटाच्या बायकांना सांगणं मात्र एवढं सोपं नव्हतं. ती शेडच्या दारात, त्या गिचमीड अक्षरांच्या बाहेर उभी राहिली आणि मुगाच्या भुंग्यापासून सगळं सांगितलं. बायका ऐकत होत्या. दोघीतिघींनी मानाही डोलावल्या. भुंगा सगळ्यांच्याच घरातला होता.

"बशीत भोकं पडली म्हणून आमचं चार वर्साचं इरजण फेकू?" नवसाकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "हे मी पोरासारखं सांभाळलंय. मालकाच्या तेराव्यालासुद्धा मी उठून याला आंघोळ घातली व्हती."

हर्षालीला हे माहीत नव्हतं. क्षणभर तिला वाईट वाटलं. पण फक्त क्षणभर.

"फेकू नका काकू. दोन ड्रम लावा. एक तुमच्या इरजणाचा. तुम्हीच लावायचा, तुम्हीच ढवळायचा, मी जवळही येणार नाही. दुसरा ड्रम नवा. घासून, ब्लीचिंगनं धुऊन, कॉलेजातून आणलेल्या नव्या बॅसिलसचा. तो मी ढवळणार."

"ढवळ की. त्यात काय सिद्ध व्हतंय?"

"पाळीत ढवळणार," हर्षाली म्हणाली. "माझी तारीख चौदा. चौदालाच ड्रम लावायचे."

एकीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की शरमली होती, देव जाणे.

"आणि माझा ड्रम बसला, तर मी पुन्हा या दारात दिसणार नाही."

"मीसुद्धा," साधना म्हणाली. हातातला गूळ तिनं खाली ठेवला होता. "माझ्या पोरीमुळं बाटत असंल, तर मी बी तिचीच आई हाय. नाव काढून टाका माझं गटातून."

नवसाकाकूंनी मायलेकींकडं आळीपाळीनं बघितलं. "लय बोलायला लागलात दोघी," त्या म्हणाल्या. "लावा चौदाला."

आणि चौदाला काय झालं माहितीये? काहीच झालं नाही. ड्रम लागले, बुडबुडे सुटले आणि हर्षालीची पाळी आलीच नाही.

तिनं कॅलेंडर तीनदा बघितलं. दर महिन्याला कशी न बोलावता हजर, ऐन सहामाहीच्या पेपरालासुद्धा! आणि आज गावजेवणाचं आमंत्रण दिल्यासारखी तारीख जाहीर केली, तर हिचा पत्ता नाही. दुपारी शेडमधली एक काकू घरी डोकावली. "आली का?" संध्याकाळी दुसरी, दळणाचा डबा घेऊन, "आली का गं?" सात वाजता खुद्द नवसाकाकू ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "काय, गाडी लेट का?"

हर्षालीला एवढं हसू फुटलं, की पोट दुखायला लागलं. जो शब्द या बायका एकमेकींच्या कानात सांगायच्या, त्याची आता एसटीसारखी चौकशी चालली होती.

पंधराला सकाळी पोट खरोखरच दुखलं. युनिफॉर्म घालून, दोन वेण्या घालून ती शाळेच्या आधी शेडवर गेली आणि दारातून ओरडली, "आली!"

तेलरंगातल्या त्या ओळीकडं एकदा बघून ती आत शिरली. तिनं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, काठी उकळत्या पाण्यातून काढली आणि ड्रम ढवळला. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, तळापासून. त्या दिवशी दोनदा, सोळाला दोनदा. सोळाला दुपारी पोटात इतकी कळ आली, की ती मध्येच उकिडवी बसली. मम्मी काठी घ्यायला पुढं झाली.

"नको," हर्षाली म्हणाली. "तू ढवळलंस तर म्हणतील, आईनं वाचवलं."

पलीकडं नवसाकाकू आपला ड्रम ढवळत होत्या. आंघोळ करून, ओलेत्यानं, देवाचं नाव घेत. त्यांचंही मनापासून चाललं होतं. हर्षालीला ते दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त राग येत होता. एवढी मनापासून काम करणारी बाई, आणि दोष शोधायला हिला माझंच अंग सापडलं!

सतराला पंप बंद झाला. ड्रम झाकले.

अठराला सकाळी नऊच्या नऊ बायका हजर होत्या. झुंबरआप्पाही आले होते रिकामा कॅन घेऊन; बातमी बागांपर्यंत गेली होती. नवसाकाकूंनी आधी आपल्या ड्रमचं झाकण काढलं. कडेला वाळलेल्या फेसाची रेघ होती आणि खाली पातळ, गढूळ पाणी. त्यांनी काठी बुडवून बघितली. काठीला काही चिकटलं नाही. त्या काठीकडं बघत राहिल्या.

"आता तुझा," त्या म्हणाल्या.

हर्षालीनं झाकण उचललं. वर साय होती. जाड, सुरकुत्या सुरकुत्या पडलेली, तापवून ठेवलेल्या म्हशीच्या दुधावर असते तशी. तिनं काठीनं एक कड उचलली, तर सगळी साय चादरीसारखी हलली आणि तो ओळखीचा आंबूस वास शेडभर पसरला.

कोणीतरी पहिल्यांदा टाळी वाजवली. ती साधना होती, आणि आपणच वाजवली हे कळल्यावर तीच दचकली.

नवसाकाकू कोपऱ्यात गेल्या. जुन्या इरजणाची बरणी काढून छातीशी धरली. मग गटारीकडं निघाल्या.

"तिथं नको काकू!" हर्षाली धावली. "गटार मळ्यात जातं. झोपलेलेच पुन्हा मातीत जातील. शुभांगी मॅडम म्हणाल्या, नुसत्या उकळण्यानं हे मरत नाहीत, कुकरमध्ये घाला. शिट्टी झाली की बारीक आचेवर चांगला पाऊण तास."

"कुकरमधी? कोणाच्या कुकरमधी?"

नऊजणींपैकी एकीचाही कुकर पुढं येईना. शेवटी नवसाकाकूच म्हणाल्या, "माझाच जुना हाय, पाच लिटरचा. चला." दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. बरणीकडं बघत, पण हर्षालीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी उकळत व्हते, चुकत नव्हते. आतलं मला कसं दिसणार?"

"नव्हतंच दिसण्यासारखं काकू. पण मी तर दिसत होते ना? मला विचारायचं होतं."

नवसाकाकू बरणी घेऊन घराकडं चालू लागल्या. माफी वगैरे मागणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच. पण कुकर चढवून परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात रॉकेलचा बोळा होता. दारावरची तेलरंगाची ओळ त्यांनी स्वतः पुसली. पूर्ण गेली नाही. धुरकट लाल डाग राहिला.

हर्षाली तोपर्यंत स्टुलावर बसून लेबलं लिहीत होती. गटाचं नाव, तारीख, आणि खाली आणखी एक ओळ. मम्मीनं खांद्यावरून वाचलं आणि तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. पण लेबल काढून घेतलं नाही.

पहिला कॅन झुंबरआप्पांचा. आप्पांनी तो उचलला, सवयीनं लेबल लांब धरलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. "बॅसिलस, वीस लिटर. तारीख अठरा. ढवळणारी: हर्षाली, पाळीचा दिवस पहिला आणि दुसरा..." आप्पांचा आवाज तिथंच अडकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आरं, हे काय लिवलंय? हे मी बागेत कसं नेऊ?"

हर्षालीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी नवसाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदर खोचून, हाताला रॉकेलचा वास.

"न्यायचं तर न्या आप्पा, नायतर कॅन ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं असंच मिळतं."

आप्पा कॅनकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी तो मोटारसायकलला बांधला, लेबल आतल्या बाजूला करून.

"उलटा बांधलाय आप्पा!" हर्षाली ओरडली. "फिरवा. अक्षर दिसू द्या माझं."